पुढारी मोजायचा कशानं?



भीमजयंतीच्या बॅनरवर कुणाचा फोटो टाकायचा, यावरून आमच्या विहारात रात्री बारापर्यंत भांडण झालं. मंडळातल्या पोरांचं म्हणणं असं की कोरोनात ज्या नगरसेवकानं वस्ती जगवली त्याचा फोटो बाबासाहेबांच्या खाली यायलाच पाहिजे. आपला माणूस आहे. आपल्यातून वर गेलाय. संकटात पळाला नाही, दारोदार पीठ-तेल-डाळ घेऊन फिरला. दुसरा कोण फिरला?

मी मंडळाचा सेक्रेटरी. मान डोलवत बसलो होतो. तेवढ्यात दारात उभी असलेली माझी चुलतबहीण आत आली. कॉलेजात शिकते. म्हणाली, "वस्ती जगवली म्हणता, मग माझा बाप कोण्या वस्तीतला होता?" सगळे गप्प. मग ती माझ्याकडं वळली. "दादा, त्यांचं मानपत्र तूच लिहिलं होतंस ना? काय मोजून लिहिलंस?"

मला तिथं उत्तर देता आलं नाही. घरी आलो, पेटीतून मानपत्राची कार्बन कॉपी काढली, वाचली. 'करुणेचा महासागर', 'संकटमोचक', 'गोरगरिबांचा कैवारी'. ही भाषा आपली नव्हे. ज्यांच्या आरत्यांवर आपण आयुष्यभर थुंकलो त्यांच्या आरतीतली ही भाषा, आणि ती माझ्या अक्षरात होती. म्हणून हा लेख. नगरसेवकाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. एका माणसाला झोडपून प्रश्न सुटत नाही. प्रश्न आहे मापाचा. साथ येते, माणसं मरतात, त्या वेळी पुढाऱ्याची लायकी ठरवायची कशावरून?

आधी नानाचं सांगतो. नाना म्हणजे माझा चुलता, तिचा बाप. नगरपालिकेच्या घंटागाडीवर होता. नगरपालिकेच्या म्हणायचं आपलं. खरं तर ठेकेदाराच्या. वीस वर्षं कचरा उचलूनही कायम झाला नाही. हजेरी मुकादमाच्या वहीत, पगार ठेकेदाराच्या मर्जीत. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांचे आभार मानायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गाडीवर गेला, तर ज्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या त्याच गॅलऱ्यांतून कचऱ्याच्या पिशव्या काठीला लटकवून खाली सोडल्या. कुणी हाताचा स्पर्श होऊ दिला नाही. पोरं चिडली, तर नाना हसून म्हणाला, "आरं, आपल्याला काय नवीन हाय का त्ये? उलट आता समद्या गावालाच कळलं, लांब ऱ्हा म्हंजे काय असतंय."

बांबू लावून बंद केलेल्या गल्ल्यांत नानाची गाडी जायची. घरात विलग ठेवलेल्या रोग्यांचे मास्क, रुमाल, उष्टं, सगळं एकाच पिशवीत. हातमोज्यांची एक जोडी आठवडाभर. फाटली की नाना प्लॅस्टिकची पिशवी मनगटाला सुतळीनं बांधायचा. मास्क म्हणजे गळ्यातला पंचा. आम्ही हे रोज बघत होतो. मी शाळेत कारकून आहे, चार अर्ज लिहिता येतात, पण एकही लिहिला नाही. त्या वेळी मी नगरसेवकाबरोबर धान्याच्या याद्या करत होतो.

त्याच साली दिवाळीनंतर विहाराच्या सभागृहात नगरसेवकाचा 'कोरोना योद्धा' म्हणून सत्कार झाला. मी मानपत्र वाचलं. नाना शेवटच्या रांगेत बसला होता, ड्युटीवरून थेट आलेला. त्यानंही टाळ्या वाजवल्या.

एप्रिल २०२१ मध्ये नानाला ताप आला. तिसऱ्या दिवशी श्वास लागला. खाट मिळेना. एका दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर जागा मिळाली. डॉक्टर म्हणाले, रेमडेसिव्हिर आणा. मी रात्रभर फिरलो, शेवटी नगरसेवकाला फोन केला. पहाटे त्यानं कुठूनतरी दोन कुप्या मिळवल्या, स्वतः मोटारसायकलवर आणून दिल्या. मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो. इंजेक्शन हातात होतं, प्राणवायू नव्हता. नाना सकाळी गेला. स्वॅबचा रिपोर्ट आलाच नाही. दाखल्यावर कारण लिहिलं, न्यूमोनिया.

आता मापाकडं येतो. आपल्याकडं पुढारी मोजायची तीन मापं चालतात. तळमळ किती, निकाल काय लागला, आणि माणूस आपला की परका. तिन्ही मापं मी वापरली आहेत. तिन्ही मला खोटी निघाली, म्हणून एकेक तपासू.

तळमळीपासून सुरू करतो. नगरसेवकाची तळमळ खोटी नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्याला स्वतःला कोरोना झाला. चौदा दिवस बायकापोरांपासून दूर राहिला आणि पंधराव्या दिवशी पुन्हा टेम्पोवर उभा राहिला. पण ते रेमडेसिव्हिर बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २० नोव्हेंबर २०२० लाच सांगून टाकलं होतं की दवाखान्यात दाखल रोग्यांसाठी या औषधाची आम्ही शिफारस करत नाही, यानं जीव वाचतो असा पुरावा नाही. पुढं २०२२ मध्ये काही रोग्यांपुरतं तिनं मत बदललं, ती गोष्ट वेगळी. एप्रिल २०२१ मध्ये जाहीर असलेलं मत हे होतं. आणि त्या एप्रिलमध्ये सगळ्या रंगांचे पुढारी काय करत होते? कुप्या मिळवून वाटत होते. कुप्यांबरोबर फोटो काढत होते. खाटा, प्राणवायू, नर्स, रुग्णवाहिका यांच्या मागं लागायचं सोडून सगळं राजकारण एका कुपीच्या मागं धावत होतं. कुपी हातात देता येते. घेणारा जन्मभर उपकार विसरत नाही. प्राणवायूची टाकी वेळेत बसवली तर कोण कुणाचे पाय धरणार?

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी भाषण केलं. 'रानडे, गांधी आणि जिना' या नावानं ते छापलेलं आहे. आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? थोर माणूस कुणाला म्हणायचं, हाच प्रश्न त्यांनी त्यात फोडून काढला आहे. त्यांचा रोख असा की प्रामाणिकपणा पाहिजेच, तो नसेल तर थोरपणाची बातच नको. पण नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही. संकटातून वाट काढायची तर बुद्धी लागते. आणि एवढ्यावरही ते थांबत नाहीत. थोर माणसाला सामाजिक ध्येयाची ओढ पाहिजे, त्यानं समाजावर आसूड ओढला पाहिजे आणि समाजाची घाणही काढली पाहिजे, असं ते म्हणतात. घाण काढणं हे बाबासाहेबांनी थोरपणाचं लक्षण मानलं. आम्ही काय केलं? घाण काढणाऱ्याला शेवटच्या रांगेत बसवलं आणि तेल वाटणाऱ्याला शाल घातली.

म्हणजे तळमळ ही पहिली अट झाली, पूर्ण परीक्षा नव्हे. माझ्या आईलाही नानाची तळमळ होतीच. ती रात्रभर रडत होती. पण आईच्या हातात नगरपालिकेचा ठराव नव्हता. ज्याच्या हातात ठराव असतो त्याला रडून सुटका नाही. त्याचं न कळणं हीसुद्धा नैतिक गोष्ट होते, कारण त्याच्या न कळण्यानं दुसऱ्याचा जीव जातो.

मग निकालावर मोजावं का? जिथं कमी मेले तिथला पुढारी शहाणा? हे माप वरून चोख दिसतं. धारावीचं उदाहरण घ्या. सुमारे अडीच चौरस किलोमीटरात आठ-दहा लाख माणूस, एकेका संडासाला कितीतरी कुटुंबं. १ एप्रिल २०२० ला तिथं पहिला रोगी सापडला तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आता मढी मोजा. पण महापालिकेनं रोगाची वाट बघत न बसता त्याचा माग काढला. घरोघर तपासणी केली, सार्वजनिक संडास पुन्हा पुन्हा धुतले, शाळा आणि हॉल ताब्यात घेऊन माणसं वेगळी ठेवली, त्यांना जेवण दिलं, खाजगी डॉक्टरांना कामाला जुंपलं. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखानं धारावीचं नाव घेतलं. हे काम खरं आहे. ते नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण त्याच जुलैत मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. धारावी त्या तीन वॉर्डांत नव्हती. झोपडपट्टीतल्या शंभर माणसांमागं सत्तावन्न जणांना आधीच लागण होऊन गेलेली निघाली. झोपडपट्टीबाहेर सोळा जणांना. एकाच शहरात, एकाच हवेत. म्हणजे 'रोग थांबवला' असा डांगोरा पिटला जात होता तेव्हा आमच्या लोकांच्या अंगातून रोग निम्म्याहून जास्त वस्ती ओलांडून गेला होता. मरण त्या मानानं कमी दिसलं त्यात कामाचा वाटा किती, वस्ती तरुण होती त्याचा किती, न मोजलेल्या मरणाचा किती, हे निव्वळ आकड्यावरून सांगता येत नाही. निकालात नशीब मिसळलेलं असतं. शिवाय जिथं दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात तिथं साथ मार्च २०२० ला सुरू होत नाही. ती खोली ज्या दिवशी मंजूर झाली त्या दिवशी सुरू होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं लिहिलं होतं. ते साल आलं आणि गेलं, खर्च तिथं पोचला नाही. साथीतला पुढारी मोजायचा तर साथीच्या आधीचीही पानं उलटावी लागतात.

इथं कुणीतरी म्हणेल, "अरे, रोग नवा होता. शास्त्रज्ञांनाही कळत नव्हतं. मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं." आक्षेप रास्त आहे. ज्या दिवशी निर्णय झाला त्या दिवशी जेवढं कळणं शक्य होतं तेवढ्यावरच माणूस मोजावा. मी त्याच न्यायानं मोजतो.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि बारा वाजल्यापासून देश बंद झाला. चार तास. विषाणू नवा होता, कबूल. पण रोजंदारीवर जगणाऱ्याच्या घरात आठ दिवसांचं पीठ नसतं, हे नवं होतं का? भाड्याच्या खोलीत राहणारा बिगारी काम बंद झालं की गावाकडं चालू लागणार, हे कळायला कुठली प्रयोगशाळा लागते? हे नानाला कळत होतं. तो त्याच रात्री म्हणाला, "ही मान्सं आता चालत सुटत्याली." ८ मे २०२० ला पहाटे औरंगाबाद आणि जालना यांच्यामध्ये रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत राबणारी, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेली माणसं. गाड्या बंद आहेत असं समजून रुळावर टेकली. रुळावर पसरलेल्या त्यांच्या भाकऱ्या आपण सगळ्यांनी फोटोत बघितल्या. त्या भाकऱ्यांना विषाणूशास्त्राची सबब चालत नाही.

दुसऱ्या लाटेला तर 'माहीत नव्हतं' हीही सबब उरत नाही. संसदेच्या आरोग्यविषयक समितीनं नोव्हेंबर २०२० मध्येच प्राणवायूच्या पुरवठ्याबद्दल बजावलं होतं. त्यानंतर ७ मार्च २०२१ ला देशाचे आरोग्यमंत्री, जे स्वतः डॉक्टर आहेत, म्हणाले की साथीचा खेळ आता शेवटाला आला. एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभ भरला. बंगालात सगळ्याच पक्षांच्या सभा झाल्या, आणि १७ एप्रिलला आसनसोलला पंतप्रधानांनी सभेतली गर्दी बघून समाधान व्यक्त केलं. त्याच आठवड्यांत आमचा नाना व्हरांड्यात पडला होता. पहिल्या वर्षीची चूक अज्ञानाची असेल. दुसऱ्या वर्षीची चूक ऐकून न घेण्याची आहे, आणि माझ्या लेखी दुसरी मोठी.

यातून मला एक माप सापडतं. पुढाऱ्याला काय माहीत होतं यापेक्षा, माहीत करून घ्यायला त्यानं कुणाकडं कान दिला, हे विचारायचं. साथ सगळ्यात आधी तळाला पोचते. म्हणून साथीची खबरही तळालाच आधी असते. झाडूवाल्याला, आशाताईला, मसणवट्यातल्या माणसाला. ज्याचा कान तिथवर जात नाही तो कितीही शिकलेला असो, साथीत अडाणी ठरतो.

केरळचं बघा. तेव्हाच्या आरोग्यमंत्री शैलजा मूळच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. २०१८ मध्ये निपाहची साथ त्यांनी हाताळली होती. ३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला कोरोना रोगी केरळात सापडला, त्याआधीच तिथली यंत्रणा कामाला लागलेली होती. याला कुवत म्हणतात. पण त्यांनाही देव्हाऱ्यात बसवू नका. केरळलाही मागाहून आपल्या मृतांच्या यादीत हजारो राहून गेलेली नावं चढवावी लागली. चांगल्या कामालाही तपासणी लागते, आणि तपासणीनं चांगलं काम लहान होत नाही.

मृतांच्या यादीचा विषय निघालाच आहे, तर दुसरं माप तिथंच आहे. मेलेला माणूस मोजला का?

१४ सप्टेंबर २०२० ला संसदेत विचारलं गेलं, टाळेबंदीत घराकडं निघालेले किती मजूर मेले? सरकारनं उत्तर दिलं, अशी माहिती ठेवलेली नाही. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत विचारलं गेलं, प्राणवायूवाचून किती मेले? उत्तर आलं, राज्यांनी तशी मृत्यूंची नोंद कळवलेली नाही. आणि राज्यं सगळ्या पक्षांची होती. बिहारमध्ये उच्च न्यायालयानं कान पिळल्यावर जून २०२१ मध्ये एका दिवसात जवळजवळ चार हजार मृत्यू यादीत वाढले. २०२१ अखेरपर्यंत देशाचा सरकारी आकडा होता सुमारे ४ लाख ८१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये अंदाज दिला, दोन वर्षांत सुमारे ४७ लाख जास्तीचे मृत्यू. सरकारनं ती पद्धत मान्य केली नाही. ठीक, परक्याचा हिशेब नको. मे २०२५ मध्ये सरकारनं स्वतःच जन्ममृत्यूच्या नोंदी छापल्या. २०२० साली देशात नोंदलेले मृत्यू ८१ लाख, २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात वीस लाखांहून जास्त वाढ. त्यातले सगळे कोरोनाचे नसतील, नोंदणीही सुधारली असेल. पण मग उरलेले कुठं गेले? ते 'न्यूमोनिया'त गेले. 'हृदय बंद पडून' गेले. आमच्या नानासारखे.

हा काही कागदाचा खेळ नव्हे. २६ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं आरोग्याच्या कामातल्या माणसांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला, तेव्हा सफाईवाल्यांचंही नाव घेतलं होतं. नानाची बायको तो कागद घेऊन वर्षभर फिरली. दवाखान्यातला सफाईवाला वेगळा, घंटागाडीवरचा वेगळा. कायम वेगळा, ठेक्यावरचा वेगळा. कोरोना वेगळा, न्यूमोनिया वेगळा. प्रत्येक टेबलावर नानाची एकेक फाळणी झाली. शेवटी नाना कुणाच्याच खात्यात बसला नाही. आपल्याला हे ओळखीचं आहे. गावानं आपल्याला कामापुरतं आत घेतलं आणि हिशेबापुरतं बाहेर ठेवलं, ही हजार वर्षांची रीत. जो पुढारी मेलेल्याला मोजत नाही त्यानं जिवंतपणीही त्याला मोजलेलं नसतं.

आणि हे आजचं नाही. टाळेबंदीत जो साथरोग कायदा वापरला तो १८९७ चा. तो आला १८९६ च्या मुंबईच्या प्लेगावर. तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते स्नो. रोगी वेगळे ठेवायची सक्ती केली तशी शहरात घबराट माजली. माणसं पळू लागली. स्नोसाहेबाला सगळ्यात मोठी धास्ती कशाची वाटली, तर हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील, आणि ते गेले तर मुंबई राहायच्या लायकीची उरणार नाही याची. त्यानं सक्ती सैल केली, त्यात या धास्तीचा मोठा वाटा होता. बघा, साहेबाला कळत होतं शहर कुणाच्या खांद्यावर उभं आहे. पण कळून काय केलं? खांदा निसटू नये एवढंच बघितलं. खांद्यावरच्या माणसाचं काय, हे विचारलं नाही. पुण्यात रँडनं तर शिस्तीच्या नावाखाली घराघरांत सोल्जर घुसवले. माणसाला माणूस न मानणारी कुवत कशी असते ते तिथं दिसलं. २२ जून १८९७ ला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच पुण्यात सावित्रीबाई होत्या. ना कमिशनर, ना मेंबर. डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून त्यांनी हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या असं सांगतात. १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगानं त्या गेल्या. आपण त्यांच्या त्यागावर भाषणं ठोकतो. मला त्यांचं शहाणपण जास्त मोठं वाटतं. त्यांनी आधी डॉक्टर बोलावला, वस्तीबाहेर मोकळी जागा बघितली, रोगी तिथवर आणायची सोय केली. तळमळ आणि बुद्धी एका अंगात नांदताना कशी दिसते, ते हे. नानाला फक्त एवढंच पाहिजे होतं.

आता तिसरं माप, आपलेपणाचं. इथं हात भाजतो.

मंडळातला एक जुना कार्यकर्ता मला म्हणाला, "तू लिही, पण प्रस्थापितांच्या हातात कोलीत देऊ नको. त्यांचे पुढारी करोडो खातात तेव्हा त्यांची जात आड येत नाही. आपला एक वर आला, तर त्याला आपणच खाली ओढायचं?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आपल्या माणसाला दुप्पट कडक मापानं मोजतात, हे खरं आहे. त्याची एक चूक अख्ख्या जातीची चूक होते, हेही खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणजे माप फेकून देणं असेल, तर नुकसान कुणाचं? प्रस्थापितांचं काहीच नाही. नुकसान घंटागाडीवरच्या माणसाचं. त्याला परका पुढारी विचारत नाही आणि आपल्याला तो विचारू शकत नाही, कारण तो 'आपला' आहे. मग त्यानं जायचं कुठं? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं की धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. हे काय त्यांनी फक्त दुसऱ्यांना सांगितलं होतं?

२०२२ मध्ये बहिणीच्या आग्रहावरून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. नगरपालिकेनं कचऱ्याचा ठेका दिला त्याच्या अटी मागितल्या. मला वाटलं होतं, अटींत सफाईवाल्याचं नावच नसेल. उलट निघालं. हातमोजे, गमबूट, मास्क, विमा, सगळं लिहिलेलं होतं. ठेकेदारानं त्याची बिलं लावली होती. बिलं मंजूर झाली होती. आणि २०२० मध्ये ठेक्याला मुदतवाढ देणाऱ्या ठरावावर हात वर करणाऱ्यांत आपला नगरसेवक होता.

कागद घेऊन मी त्याच्याकडं गेलो नाही. धीर झाला नाही. कपाटात ठेवला. कपाटात कागद ठेवून मी तीन जयंत्या साजऱ्या केल्या. म्हणजे मी नगरसेवकाला कुठल्या तोंडानं बोलू? हातमोजे फाटलेले मी बघितले होते. पुढाऱ्याला लायक ठेवायचं कामही कुणाचं तरी असतं. सत्काराला गर्दी करणारी आणि सभेच्या गॅलरीत रिकाम्या खुर्च्या ठेवणारी वस्ती नालायक पुढारी स्वतःच घडवते.

बॅनरच्या भांडणानंतर आम्ही नगरसेवकाला विहारात बोलावलं. सत्काराला नाही, बोलायला. तो आला. मी कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी त्या दिवशी धान्याच्या टेम्पोच्या गडबडीत होतो. विषय आला, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. वाचलं नव्हतं." मी म्हणालो, "मानपत्र लिहिताना मीही काही वाचलं नव्हतं." बहीण म्हणाली, "आता दोघांनी वाचलंय ना? मग अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते सांगा."

अर्ज झाला. नानाच्या बायकोचा, आणि आज गाडीवर असलेल्या बावीस जणांचाही, हातमोज्यांपासून विम्यापर्यंत. खाली नगरसेवकाची सही आहे, माझीही आहे. निकाल लागायचाय. बॅनरवर कुणाचाच फोटो टाकला नाही, फक्त बाबासाहेबांचा. ठेक्याच्या अटींची प्रत विहाराच्या फळ्यावर लावली आहे, मोठ्या अक्षरात उतरवून. गाडीवर जाणारी माणसं सकाळी सहाला निघताना ती वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पोरं वाचून दाखवतात.

मित्रहो, तुमच्या वस्तीतही कुणाचं तरी मानपत्र लिहिलं गेलं असेल. ते पेटीतून काढा. त्या माणसाची तळमळ खरी होती का ते विचाराच, पण तिथंच थांबू नका. तळाची खबर त्यानं ऐकली का, मेलेल्याला मोजलं का, चूक दाखवल्यावर कागद हातात घेतला का, हेही विचारा. साथ परत येणार आहे, नाव वेगळं असेल. त्या दिवशी घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात काय असेल, ते आज कुणीतरी हात वर करून ठरवतो आहे. त्या वेळी गॅलरीत जाऊन बसा.

जयभीम.